पुण्याच्या नळाला श्रीलंकेचा ओढा

प्लँटेड टँक, म्हणजे माशांबरोबर पाणवनस्पती वाढवायची काचेची टाकी, लावायचा ठरला की घरचे, मित्रमंडळी, दुकानदार सगळे एकच विचारतात, मासे कुठले ठेवणार? माझ्या मते हा प्रश्न बराच नंतरचा आहे. आधी ठरायला हवं ते पाणी. कुठल्या मुलखातलं, कुठल्या रानातून येणारं, उन्हात तापणारं की सावलीत वाहणारं, दगडांवरून खळाळणारं की पाचोळ्यातून हळूहळू सरकणारं. हे एकदा नक्की झालं की झाडं, वाळू, लाकूड, दिवा, मासे यांतले निम्मे निर्णय आपोआप होतात आणि उरलेले घेताना जीव रमतो.

मला टँक आशियातल्याच झाडामाशांचा हवा होता, एवढं पक्कं होतं. पण आशिया हे काही एक ठिकाण नाही. बोर्निओच्या पीट दलदलीतलं पाणी काळपट तपकिरी आणि इतकं आम्ल, की पीएच चारपर्यंत उतरतो. म्यानमारच्या इन्ले सरोवराचं पाणी नितळ आणि अल्कधर्मी. सेलेस्टियल पर्ल डॅनिओ हा ठिपक्याठिपक्यांचा इवलासा मासा २००६ मध्ये त्याच सरोवराच्या पूर्वेला, होपोंगजवळच्या उथळ, वनस्पतींनी भरलेल्या तळ्यांत सापडला. दुकानात तो आणि बोर्निओचा चॉकलेट गुरामी शेजारशेजारच्या टाक्यांत असतात. दोघं आशियाई म्हणून एकाच काचेत कोंडले, तर एकाला तरी आयुष्यभर परक्या पाण्यात राहावं लागतं.

मग सह्याद्रीच का नाही? माझीही ओढ आधी तिकडेच होती. कोकणात उतरणाऱ्या ओढ्यांमध्ये पावसाचा जोर ओसरला की वाळूत, दगडांच्या फटींत मुळं घट्ट रोवून बसलेली अरुंद, लांबट पानं प्रवाहात लवलवताना दिसतात. ही क्रिप्टोकोरिन रेट्रोस्पायरालिस. हौशी मंडळी या साऱ्या कुळाला लाडानं नुसतं ‘क्रिप्ट’ म्हणतात. पाणी आणखी खाली गेलं, पानं हवेत उघडी पडली की जमिनीलगत तिचं फूल येतं. गुडघ्यावर बसून पाहिल्याशिवाय ते फूल आहे हेच कळत नाही. वर पीळ पडलेलं एक पातं, खाली बारीक नळी आणि नळीच्या तळाशी बंद कोठडी. वासानं खेचली गेलेली चिलटं नळीतून आत घसरतात, कोठडीत अडकतात आणि फूल मोकळं करेल तेव्हा अंगावर पराग घेऊन बाहेर पडतात. कडक उन्हाळ्यात ओढा आटला की पानं जातात, वाळूखाली कंद तेवढा राहतो. पुढच्या पावसात त्यातूनच सगळं नव्यानं उभं राहतं.

कास पठारावरचा वायतुराही असाच. जांभ्याच्या खळग्यांत साचलेल्या उथळ पाण्यावर त्याची पानं तरंगतात आणि मधून दोन फाट्यांचा फुलोरा वर येतो. एपोनोजेटॉन सातारेन्सिस या नावानं त्याचं शास्त्रीय वर्णन झालं ते १९८२ मध्ये. सह्याद्रीबाहेर तो जगात कुठेही उगवत नाही. क्रिप्टोकोरिन कॉग्नाटा ही तर आणखी दुर्मीळ. तिचं वर्णन वनस्पतिशास्त्रज्ञ शॉटनं १८५७ मध्ये केलं आणि आज ती सिंधुदुर्गातल्या मोजक्या जागी टिकून आहे.

ही झाडं घरी आणायची नाहीत, याबद्दल माझ्या मनात जराही किंतु नाही. एक तर ती मोजकी आहेत. दुसरं म्हणजे त्यांचं सगळं आयुष्य पाऊस आणि कोरडा उन्हाळा या दोन टोकांवर बेतलेलं आहे. वायतुऱ्याच्या कंदाला विश्रांती लागते. बारा महिने पाण्याखाली, रोज ठरल्या वेळी लागणाऱ्या दिव्याखाली त्याला ती कुठून मिळणार? माशांचंही तेच. डेनिसन बार्ब हा केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांचा देखणा मासा. अंगावर काळा पट्टा, त्याच्यावर लालभडक रेघ. फ्रान्सिस डे यानं १८६५ मध्ये त्याचं वर्णन केलं, २०१३ मध्ये त्याच्यासाठी सह्याद्रिया ही नवी प्रजाती मांडली गेली. जगभरच्या हौशी लोकांसाठी तो नद्यांतून भरमसाट उपसला गेला आणि आज त्याची नोंद धोक्यात आलेल्या माशांत आहे. शिवाय तो पाच-सहा इंच वाढतो, थव्यानं राहतो, त्याला गार, वाहतं पाणी लागतं. माझी काच तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद-उंच. तिथं त्याला आणणं हा अन्यायच.

नकाशा पुढ्यात घेऊन बसले तेव्हा उत्तर जवळच सापडलं. पश्चिम घाट आणि श्रीलंका यांना जीवशास्त्रज्ञ जैवविविधतेचा एकच प्रदेश मानतात. हिमयुगात समुद्राची पातळी शंभर मीटरहून अधिक खाली होती तेव्हा पाल्कची सामुद्रधुनी कोरडी होती आणि बेट मुख्य भूमीला जोडलेलं होतं. दोन्हीकडे तोच मान्सून, तोच जांभा, क्रिप्टच्या कुळातल्याच वनस्पती. फरक एवढाच की श्रीलंकेतल्या बऱ्याच क्रिप्ट गेली कित्येक दशकं रोपवाटिकांत वाढवल्या जातात आणि तिथला चेरी बार्ब हा मासा शेततळ्यांत आणि हॅचरीत लाखांनी पैदा होतो. रानातल्या एकाही पानाला हात न लावता त्या ओढ्याचं रूप घरी उभं करता येतं. माझ्यासाठी निर्णय तिथंच झाला.

नळाचं पाणीही साथ देणारं निघालं. श्रीलंकेच्या नैर्ऋत्य भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तिथला खडक म्हणजे फार जुना, सहजी न विरघळणारा नाइस. त्यामुळे ओढ्यांचं पाणी मृदू, म्हणजे क्षार कमी असलेलं. पुण्याला येतं ते खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांचं पाणी. तेही घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाचंच, मृदू. क्लोरीन काढला की ते क्रिप्टना मानवतं. अडचण येते ती उन्हाळ्यात. सोसायटीच्या टाकीत बोअरचं पाणी मिसळलं जातं आणि टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा, आकडा एका आठवड्यात कुठल्या कुठे जातो. म्हणून पाणी बदलण्याआधी बादलीत टीडीएसचं पेन बुडवायची सवय लावून घ्यावी. आकडा चढलेला असेल तर आरओचं पाणी मिसळायचं किंवा त्या आठवड्यात थोडंच पाणी बदलायचं. आरओ नेहमीच घालत बसायचं मला पटत नाही. गावाच्या पाण्याला जुळेल असाच ओढा निवडला असेल तर त्याची गरज पडत नाही.

आता तळ. इथं मी जांभा वापरला आणि या निवडीचा मला फार आनंद आहे. कोकणात घरं बांधतात तोच हा दगड. श्रीलंकेतही त्याचीच घरं बांधतात, तिथं त्याला कबूक म्हणतात. या दगडाला लॅटेराइट हे नाव १८०७ मध्ये फ्रान्सिस ब्युकॅनन यानं मलबारातल्या अंगडिपुरमच्या खाणी पाहून दिलं. पुढे हॅमिल्टन आडनावानं ओळखल्या गेलेल्या याच माणसानं १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांचं वर्णन छापलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत असणारा झेब्राफिश आणि प्रत्येक दुकानात दिसणारा हनी गुरामी ही नोंद त्याचीच. टँकच्या तळाचा दगड आणि इतके सारे मासे एकाच माणसाच्या वहीतून आपल्यापर्यंत आले, हे कळलं तेव्हापासून मला त्या लाल तुकड्यांबद्दल वेगळीच आपुलकी वाटते.

जांभ्यात लोह भरपूर. वाळूच्या वरच्या थरात पाण्यातला ऑक्सिजन पोचतो, तिथं हे लोह गंजलेल्या, न विरघळणाऱ्या रूपात पडून असतं. खाली दोन-तीन इंचांवर ऑक्सिजन संपतो, तिथले जिवाणू त्याचं रूप पालटतात, ते विरघळतं आणि मुळांना घेता येतं. क्रिप्ट जेवते मुळांनी. तिच्या पानांकडे बघून पाण्यात खतं ओतण्यापेक्षा तळ नीट करणं कधीही श्रेयस्कर. जर्मनीतल्या दुप्ला कंपनीनं १९८० च्या दशकात लॅटेराइटच टँकच्या तळासाठी विकायला आणलं होतं. आपल्याकडे तो कोकणच्या रस्त्याला बांधकामांशेजारी पडलेला असतो, मालकाला विचारलं तर हसत देतात. हातोडीनं हरभऱ्याएवढे तुकडे करायचे आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचे. त्याला वेळ लागतो, हातही लाल होतात. तळाला जांभ्याचा थर, त्यावर थोडी चिकणमाती, वर बारीक नदीची वाळू. समोर दीड इंच, मागे चारपर्यंत चढती.

दगड मी थोडेच घेतले. सावलीतल्या, पाचोळ्यानं भरलेल्या ओढ्यात दगड मिरवत नाहीत. पण पुण्यात कुणी काळा पाषाण वापरणार असेल तर त्याच्या पोकळ्यांत भरलेले पांढरे स्फटिक आधी तपासावेत. त्यांतले काही झिओलाइट असतात, त्यांचा त्रास नाही. काही मात्र कॅल्साइट. खिळ्यानं जरा खरवडायचं आणि त्या भुकटीवर व्हिनेगरचा थेंब सोडायचा. कान जवळ नेला तर फसफस ऐकू येते, बारीक बुडबुडे दिसतात. असा दगड आत गेला की मृदू पाणी हळूहळू जड होत जातं. बाजूला काढून ठेवायचा, बागेत कामाला येतो.

रचनेच्या बाबतीत ताकाशी अमानो यांना टाळून पुढे जाता येत नाही. जपानच्या नीगातामधले हे छायाचित्रकार (१९५४–२०१५) तरुणपणी व्यावसायिक सायकलपटू होते. १९८२ मध्ये त्यांनी एडीए ही कंपनी काढली आणि टँकमधल्या झाडांकडे बघण्याची जगाची नजर बदलून टाकली. लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी २०१५ मध्ये उभारलेला टँक ४० मीटर लांब आहे आणि त्यात १,६०,००० लिटर पाणी मावतं. मोकळी जागा मोकळी ठेवायची, हे मी त्यांच्या कामातून शिकले. नवख्या हाताला प्रत्येक वीत झाडानं भरावीशी वाटते. अमानोंच्या टँकमध्ये नजरेला चालायला वाट असते. मुख्य वस्तू मधोमध न येता एका बाजूला, साधारण एकास १.६ या प्रमाणात सरकलेली असते. मात्र त्यांच्या कितीतरी टँकमध्ये आशियातल्या झाडांत दक्षिण अमेरिकेचे टेट्रा मासे फिरतात. चित्र म्हणून ते अप्रतिम आहे. मला चित्रापेक्षा ठिकाण हवं होतं, म्हणून तिथं आमच्या वाटा वेगळ्या होतात.

माझ्याकडे डाव्या बाजूला एका लाकडाची मुळं वरून खाली उतरतात, जणू काठावरच्या झाडाची मुळं ओढ्यात शिरली आहेत. त्यांच्या आडोशाला क्रिप्टोकोरिन वेंड्टीची दाटी, हिरवी आणि तपकिरी अशा दोन्ही रूपांत. मागे क्रिप्टोकोरिन बेकेटीची ऑलिव्ह रंगाची पानं आणि एपोनोजेटॉन क्रिस्पसची लाटांसारख्या कडांची लांब पानं. समोर क्रिप्टोकोरिन पार्व्हा. कुळातली ही सगळ्यात ठेंगणी, कँडीच्या आसपासच्या डोंगराळ भागातली. वाढते इतकी संथ की दोन रोपांमधली वाळू झाकली जायला वर्ष सरतं. उजवीकडे उघडी वाळू, पाचोळा, बाकी काही नाही. काटेकोर माणूस इथं हरकत घेईल. वेंड्टी सापडते ती पुत्तलमकडे वाहणाऱ्या मी ओयासारख्या नद्यांत, चेरी बार्ब मात्र केळणी ते निलवळा या नैर्ऋत्येच्या खोऱ्यांतला. एकाच ओढ्याचा हट्ट धरला तर वेंड्टी बसत नाही. ही सूट मी जाणून घेतली, कारण रोपवाटिकेत वाढलेली, पुण्याचा उन्हाळा सोसणारी अशी दुसरी क्रिप्ट नाही.

लावणीचं फार सांगण्यासारखं नाही. रोपवाटिकेच्या कुंडीत मुळांभोवती असते ती लोकर सोडवायची, मुळं इंचभर ठेवून कापायची, चिमट्यानं रोवायचं, मुळं आणि पानं जिथं जुळतात तो भाग वाळूच्या वर राहील हे बघायचं. सांगायचं आहे ते पुढच्या पंधरवड्याबद्दल. रोपवाटिकेत क्रिप्ट दमट हवेत वाढवतात, पाण्याखाली नाही. टँकमध्ये आली की तिची हवेतली पानं निरुपयोगी ठरतात. आधी कडा काचेसारख्या पारदर्शक होतात, मग भोकं पडतात, मग अख्खं पान बोटाला लागलं तरी विरघळतं. दुकानदार म्हणतात, “ताई, रोप गेलं, काढून टाका, दुसरं देतो.” काढायचं नाही. कुजलेली पानं नळीनं ओढून घ्यायची आणि रोपाला हलवायचंही नाही. कंद शाबूत असतो. मग एका सकाळी मधोमध सुरळी केलेलं, नखाएवढं, तांबूस पान दिसतं. ते पाण्याखाली जन्मलेलं असतं. त्याचा पोत वेगळा, रंग गडद, कडा जास्त नागमोडी. तिथून पुढे ते रोप त्या जागेचं होतं आणि उगीच उपटलं नाही तर वर्षानुवर्षं तिथंच राहतं.

या दिवसांत वाळूवर तपकिरी शेवाळ येतं, ते आपोआप ओसरतं. पृष्ठभागावर वॉटर स्प्राइट सोडलेलं बरं. तेही त्याच प्रदेशातलं, झपाट्यानं वाढतं, पाण्यातलं जास्तीचं खाऊन टाकतं आणि खाली सावली धरतं. कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर मी लावलं नाही. सावलीतल्या झाडांना दिवसाला सहा-सात तासांचा मवाळ उजेड पुरतो, आणि उजेड कमी असला की वायूची मागणीही कमीच राहते. फिल्टरमध्ये जिवाणूंची वस्ती नीट बसेपर्यंत, म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत, मासा आणायचा नाही. साधारण महिना-दीड महिना.

पाचोळा मात्र मी मनापासून निवडते. देशी बदामाची झाडं आपल्या रस्त्यांवर जागोजागी आहेत. गळण्याआधी त्यांची पानं लाल होतात. झाडाखाली आपोआप पडलेली, कोरडी, डाग नसलेली पानं घ्यायची, फवारणी होत असेल तिथली नाहीत. पान दोन-तीन दिवस पाण्यावर तरंगतं, मग जड होऊन वाळूवर बसतं आणि पाण्याला फिकट सोनेरी रंग चढतो. काही आठवड्यांनी त्यावर साय धरते. गोगलगायी ती खातात, मग पानाचा गर खातात आणि शेवटी नुसत्या शिरांची जाळी उरते. हा रंग काढायला लोक फिल्टरमध्ये कोळसा घालतात, त्याचं मला वाईट वाटतं. या रंगातच चेरी बार्ब खुलतो.

या माशाचं वर्णन श्रीलंकेतले प्राणिशास्त्रज्ञ देरणियगल यांनी १९२९ मध्ये केलं. दुकानातल्या उघड्याबोडक्या, झगझगीत टाकीत तो फिका, घाबरलेला दिसतो. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा वळून बघत नाही, स्वस्तातला मासा म्हणून पुढे जातं. त्याच माशाला सावली, पाचोळा आणि दडायला पानं मिळाली की आठवडाभरात ओळखू येत नाही. एका नराला दोन माद्या या हिशेबानं डझनभर तरी ठेवावेत. सकाळी दिवा लागल्यावर नर वेंड्टीच्या मोकळ्या कडेला येतात. दोघं समोरासमोर आले की पर ताणून एकमेकांभोवती फिरतात, आणि बघता बघता गुलाबी अंग गर्द लाल होत जातं. कुणी कुणाला चावत नाही. हरलेला फिका पडतो आणि पानाआड जातो. माद्या बदामी रंगाच्या, अंगावर काळसर पट्टा, त्या पाचोळ्यात तोंड खुपसून वेचत राहतात. अंडी झाडांत विखुरली जातात आणि बरीचशी आईबापच खाऊन टाकतात. पण पाचोळा दाट असेल तर एखादं पिल्लू निभावतं. बदामाच्या पानाखालून डोळ्यांच्या दोन ठिपक्यांसकट बाहेर आलेली ती रेघ दिसली की मी त्या दिवशी वाळूला हात लावत नाही.

एप्रिल-मे हा कसोटीचा काळ. पाणी तिशीच्या वर जातं. काचेचं झाकण काढून पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला तर बाष्पीभवनानं दोन-तीन अंश उतरतात. मात्र पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, तेव्हा रोजची भर मृदू पाण्याचीच घालावी. झाकण काढलं की मासे उडी मारतात, म्हणून वर जाळी हवी.

वेंड्टी एकदा रुजली की वाळूखालून धावते. मुख्य रोपापासून चार बोटांवर पिल्लू निघतं, मग त्याच्याही पुढे दुसरं. वर्षा-दोन वर्षांत छाटणी करावीच लागते, आणि छाटलेलं कुठं टाकायचं हा प्रश्न मी फार गंभीरपणे घेते. ओढ्यात, तळ्यात, नदीत कधीही नाही. मुळा-मुठेवर पसरलेली जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. आणि आपल्या शेजारच्या श्रीलंकेची क्रिप्टोकोरिन बेकेटी टेक्सासमधल्या सान मार्कोस नदीत इतकी फोफावली की ती माणसं लावून उपटावी लागली. आपल्या ओढ्यांत तर तिच्याच नात्यातली, मोजकी उरलेली झाडं आहेत. त्यांच्या जागेत बाहेरची क्रिप्ट घुसवणं मला सहन होणार नाही. कुजकी पानं कुंड्यांच्या खतात जातात, धडधाकट पिल्लं माणसांना.

जून लागला, हवा गार झाली की माझ्याकडे वेंड्टीची आणि थोडी बेकेटीची पिल्लं निघतील. पुण्यात कुणाला हवी असतील तर सांगा, पैसे नकोत. कापलेली मुळं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातली की दोन-तीन दिवस सहज टिकतात. पार्व्हा मात्र या वर्षी मागू नका, तिची वाळू अजून झाकली गेलेली नाही.